सिम्युलेशनमधली उत्क्रांती: अनुकूलन कोणतं आणि निव्वळ ड्रिफ्ट कोणता, हे कसं ओळखायचं

संगणकावर आभासी जीव वाढवणारा पहिला प्रोग्राम चालू झाला की थोड्याच वेळात पडद्यावर एक रेष वर चढायला लागते. पळण्याचा वेग, जीनोमची (म्हणजे जीवाच्या सगळ्या जनुकांच्या संचाची) लांबी, मेंदूतल्या जोडण्यांची संख्या, जे मोजायला घेतलं असेल ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातं. बघणाऱ्याला वाटतं, जीवांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं. कदाचित घेतलंही असेल. पण नुसत्या चढत्या रेषेवरून ते ठरवता येत नाही, आणि नवख्यांचे बरेचसे निष्कर्ष नेमके इथेच फसतात.

रेष चढण्याची निदान तीन वेगवेगळी कारणं असतात. पहिलं, निवड: एखाद्या गुणामुळे जीवाला जास्त पिल्लं होतात, म्हणून तो गुण पसरतो. दुसरं, ड्रिफ्ट: कोणाला किती पिल्लं होणार यात नशिबाचा वाटा असतो, त्यामुळे गुणाचा फायदा-तोटा काहीच नसला तरी त्याचं प्रमाण वरखाली होतं आणि कधी कधी एकाच दिशेने खूप लांब जातं. तिसरं कारण म्युटेशनचा, म्हणजे नक्कल होताना जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांचा, कल. ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. पहिल्या कारणाला अनुकूलन म्हणायचं. बाकीची दोन तुमच्या प्रोग्राममध्ये कायमच चालू असतात, निवड असो वा नसो.

खालच्या पायऱ्यांसाठी पायथॉन आणि त्यातली नम्पाय ही लायब्ररी पुरे. तयार साधनंही आहेत. लोकसंख्या जनुकशास्त्रासाठी स्लिम, आभासी जीवांसाठी अविडा. अविडाची वर्गात शिकवण्यासाठी केलेली सोपी आवृत्तीही मिळते. माझं मत असं की पहिल्या दोन-तीन पायऱ्या स्वतः कोड लिहूनच कराव्यात. तयार साधनात निवड नेमकी कुठून शिरते ते दिसत नाही, आणि आपल्याला तर तेच शोधायचं आहे.

पायरी १: निवड नसलेलं जग आधी उभं करा

शंभर जीव घ्या, पन्नास निळे आणि पन्नास तांबडे. रंगाचा फायदा नाही, तोटाही नाही. पुढच्या पिढीतल्या प्रत्येक जीवासाठी आधीच्या पिढीतला एक पालक चिठ्ठी टाकून काढायचा. भिशीत एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी बाजूला ठेवतात. इथे ती वाचून परत डब्यात टाकायची. त्यामुळे एखाद्याचं नाव तीनदा निघेल आणि कित्येकांचं एकदाही निघणार नाही. पिल्लाला पालकाचा रंग. शंभर पिल्लं झाली की जुनी पिढी संपली.

हेच राइट-फिशर मॉडेल. सिवॉल राइट आणि आर. ए. फिशर यांनी १९३० च्या आसपास ते मांडलं, आणि आजही तुलनेची सुरुवात इथूनच होते. नम्पायमध्ये बायनॉमियल नमुना काढणारं, म्हणजे अशा शंभर चिठ्ठ्यांत निळे किती निघाले ते थेट देणारं, फंक्शन आहे, त्यामुळे एका पिढीचं काम एका ओळीत होतं.

आता या जगात रेष किती हलते ते बघा. शंभरांच्या लोकसंख्येत एका पिढीत निळ्यांच्या प्रमाणाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण किती लांब जातं ते अंतर, ५ टक्के येतं. ते थोडं वाटतं, पण दर पिढीचा धक्का आधीच्या धक्क्यांवर चढत जातो. किती पिढ्यांत किती पसारा होईल ते काढण्याची रीत सोपी आहे. १ मधून लोकसंख्येचा व्यस्तांक वजा करा, म्हणजे शंभरासाठी ०.९९. त्याचा पिढ्यांइतका घात घ्या. वीस पिढ्यांना तो ०.८१८ येतो. तो १ मधून वजा केला की ०.१८२. याला दोन्ही रंगांच्या सुरुवातीच्या प्रमाणांनी गुणा, म्हणजे ०.५ गुणिले ०.५. उत्तराचं वर्गमूळ ०.२१. म्हणजे प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला (एकदा चालवणं म्हणजे एक रन) तर वीस पिढ्यांनंतर साधारण दोन तृतीयांश रनमध्ये निळे २९ ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान असतात आणि उरलेल्या एक तृतीयांश रनमध्ये त्याच्याही बाहेर. पन्नासचे सत्तर टक्के झाले, तेही कुठलंही कारण नसताना.

हा आकडा आपल्या लोकसंख्येसाठी काढून आलेखाच्या शेजारी लिहून ठेवा. इथे एका जीवात जनुकाची एकच प्रत धरली आहे. दोन प्रती असतील तर लोकसंख्येच्या जागी तिची दुप्पट घ्या.

ही गोष्ट कागदावरची नाही. पीटर ब्यूरी यांनी १९५६ साली फळमाश्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १०७ वेगवेगळ्या बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीत दर पिढीला ८ नर आणि ८ माद्या ठेवायच्या, आणि डोळ्याच्या रंगाच्या जनुकाचे दोन प्रकार सुरुवातीला अर्धे-अर्धे. १९ पिढ्यांनंतर ३० बाटल्यांतून एक प्रकार पार नाहीसा झाला होता आणि २८ बाटल्यांत तोच एकटा उरला होता. सगळ्या बाटल्यांची सरासरी मात्र अर्ध्याच्या जवळच राहिली. यातली एखादीच बाटली हातात आली असती तर कोणीही तिच्यावर अनुकूलनाची गोष्ट रचली असती. शिवाय बाटल्यांमधला फरक १६ माश्यांच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने वाढला, कारण सोळाही माश्यांना सारखी पिल्लं होत नाहीत. ड्रिफ्टच्या हिशेबात खरी लोकसंख्या डोकी मोजून मिळते त्यापेक्षा कमी भरते. हिला परिणामी लोकसंख्या म्हणतात, आणि पायरी ४ मध्ये तिची गरज पडेल.

पायरी २: काय मोजणार ते आधी लिहून ठेवा

ही पायरी छोटी आहे, पण टाळू नका. रन सुरू करण्याआधी एका फाइलमध्ये लिहा: कोणता गुण मोजणार, किती पिढ्यांनंतर मोजणार, आणि तो कोणत्या दिशेला जाईल असं वाटतं व का. वीस गुण मोजले आणि ५ टक्क्यांची कसोटी लावली (नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल तरच निकाल खरा मानायचा) तर काहीही घडलेलं नसताना सरासरी एक गुण कसोटीत उतरतोच. तो उतरलेला गुण उचलून त्याच्यामागे कारण शोधणं म्हणजे बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढणं.

गुण निवडताना लोकसंख्येची सरासरी धरा, सगळ्यात चांगला जीव धरू नका. सरासरी जागची हलली नाही आणि नुसती विविधता वाढली, तरी सर्वोत्तम जीवाचा आकडा वर जातो.

पायरी ३: एक रन म्हणजे पुरावा नव्हे

समजा निळ्यांना खरोखरच फायदा आहे: दर पिढीला तांबड्यांपेक्षा ५ टक्के जास्त पिल्लं. जगात एकूण ५० जीव आहेत आणि सुरुवात अर्धी-अर्धी. निळे शेवटी सगळं जग व्यापतील याची शक्यता सुमारे ९२ टक्के येते. फायदा शून्य असता तर ती ५० टक्के असती. म्हणजे एका रनमध्ये निळे जिंकले यातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण फायदा नसतानाही निम्म्या वेळा ते जिंकतातच.

तेच वीस रन करा. फायदा असेल तर साधारण अठरा रन निळे जिंकतील. फायदा नसताना वीसपैकी अठरा किंवा जास्त रन एकाच ठरलेल्या रंगाने जिंकण्याची शक्यता दहा हजारांत दोन एवढीच. पंधरा जिंकले तरी शक्यता शंभरात दोन. रनची संख्या वाढवणं हा नवख्याला करता येण्याजोगा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

प्रत्येक रनला वेगळा सीड (चिठ्ठ्यांचे आकडे कुठून सुरू होणार ते ठरवणारी संख्या) द्या आणि तो नोंदवा. सीड बदलायचा राहून गेला तर वीस रन म्हणजे एकाच रनच्या वीस प्रती होतात, आणि निकाल फार सुंदर दिसतो. वीसच्या वीस रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर आनंद मानण्याआधी सीड तपासा.

पायरी ४: सावली रन

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण म्युटेशनचा कल इथेच पकडला जातो, आणि त्याच्यापुढे रन वाढवण्याचा उपाय चालत नाही.

कल म्हणजे काय ते एका उदाहरणात बघा. प्रत्येक जीवाचा जीनोम शंभर बिटांचा, आणि सुरुवातीला सगळे बिट शून्य. दर पिढीला प्रत्येक बिट उलटण्याची शक्यता १ टक्का. शून्याचा एक होईल, एकाचा शून्य होईल, दोन्ही बाजूंनी सारखंच. एकांची संख्या हा आपला गुण. निवड अजिबात नाही. तरी पन्नास पिढ्यांनंतर सरासरी जीवात सुमारे ३२ एक असतात आणि दोनशे पिढ्यांनंतर सुमारे ४९. कारण साधं आहे: सुरुवातीला उलटायला फक्त शून्यच आहेत. रेष आधी झपकन चढते, मग हळू होते आणि पन्नासला टेकते. अनुकूलन पूर्णत्वाला पोचलं की आलेख जसा दिसावा अशी आपली कल्पना असते, अगदी तसा हा आलेख दिसतो.

आणि हे दर रनमध्ये होतं. वीसच्या वीस रन एकाच दिशेला जातात. पायरी ३ ची कसोटी इथे खणखणीत ‘होय’ म्हणेल आणि ते उत्तर चुकीचं असेल. पुन्हा पुन्हा तेच घडतं यावरून इतकंच कळतं की हा ड्रिफ्ट नाही. निवड आहे हे त्यातून कळत नाही. जीनोमची लांबी, मेंदूतल्या जोडण्या, शरीराचे भाग अशा ज्या ज्या गोष्टी तुम्ही लहानापासून सुरू करता, त्या सगळ्यांना हा कल लागू होतो. खाली जायला जागाच नसली की भटकणंही वरच्या दिशेनेच होतं.

यावर उपाय म्हणजे जे जग चालवलं तेच निवड काढून पुन्हा चालवायचं. कृत्रिम जीवांवर काम करणारे मार्क बेदाऊ आणि नॉर्मन पॅकार्ड यांच्या पद्धतीत अशा जोड-रनला न्यूट्रल शॅडो म्हणतात. मी त्याला सावली रन म्हणतो. तो असा करा.

खऱ्या रनमध्ये दर पिढीला कोणाला किती पिल्लं झाली त्याची यादी फाइलमध्ये टाका. दहा जीवांचं जग असेल तर एका पिढीची यादी अशी असू शकेल: ३, २, २, १, १, १, ०, ०, ०, ०. बेरीज दहा. सावली रनमध्ये त्याच पिढीला हीच यादी घ्या, पण फेटून वाटा. तीन पिल्लं कोणाला आणि शून्य कोणाला हे जीवाच्या गुणांवरून न ठरता चिठ्ठीने ठरेल. जीनोमची नक्कल, म्युटेशन, क्रॉसओव्हर (दोन पालकांच्या जीनोमचे भाग मिसळणं) हे सगळं खऱ्या रनच्याच फंक्शनमधून जाऊ द्या. सुरुवातीचे जीवही तेच.

यादी फेटण्याचा हा खटाटोप कशासाठी, सगळ्यांना सरळ समान संधी का देऊ नये? कारण निवड चालू असते तेव्हा थोड्याच जीवांना भरपूर पिल्लं होतात, म्हणजे परिणामी लोकसंख्या घटते आणि ड्रिफ्ट वाढतो. टूर्नामेंट पद्धतीने (चिठ्ठीने काही जीव काढून त्यांतल्या सर्वोत्तमालाच पालक करून) कडक निवड करणाऱ्या प्रोग्राममध्ये हे फार जाणवतं. समान संधी दिलेल्या सावलीत ड्रिफ्ट खऱ्या रनपेक्षा कमी राहील, तिच्या रेषा उगाच जवळजवळ राहतील, आणि खरी रेष त्यांच्याबाहेर पडली की तुम्ही तिला अनुकूलन म्हणून मोकळे व्हाल. यादी तीच ठेवली की नशिबाचा हा वाटा दोन्हीकडे बराचसा सारखा होतो.

तुमच्या जगात पिढ्या वेगळ्या नसतील, जीव कधीही जन्मत आणि मरत असतील, तर जन्म-मृत्यूच्या वेळा साठवा. खऱ्या रनमध्ये ज्या क्षणी जन्म झाला त्या क्षणी सावलीतही जन्म होऊ द्या, पण पालक जिवंत जीवांतून चिठ्ठीने काढा. मृत्यूचंही तसंच. लॅरी येगर यांच्या पॉलीवर्ल्ड या आभासी जीवांच्या जगात मेंदूची गुंतागुंत का वाढते हे शोधताना हाच मार्ग वापरला गेला. निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा होता: काही परिस्थितीत निवड गुंतागुंत खरोखर वर ढकलते आणि काही परिस्थितीत आहे तिथेच धरून ठेवते. सावली नसती तर हा दुसरा प्रकार कोणाला दिसलाच नसता. सपाट रेष बघून तिथे निवड आहे असं कोण म्हणेल? पण सावली वर जात असताना खरी रेष सपाट राहिली, तर ती कोणीतरी धरून ठेवली आहे.

प्रत्येक खऱ्या रनमागे ९९ सावल्या करा. शंभरांत खरी रेष सगळ्यात वर असेल तर योगायोगाने असं होण्याची शक्यता शंभरात एक. याला वेगळं संख्याशास्त्र लागत नाही.

सावलीलाही एक मर्यादा आहे. खऱ्या जगात नशीबवान घराणं पुढच्या पिढीतही नशीबवान राहतं, कारण फिटनेस, म्हणजे जास्त संतती मागे ठेवण्याची क्षमता, वारशाने येते. सावलीत दर पिढीला चिठ्ठ्या नव्याने पडतात. त्यामुळे खरी रेष सावल्यांच्या किंचितच बाहेर असेल तर घाईने निर्णय देऊ नका, पायरी ६ कडे जा.

पायरी ५: लोकसंख्या बदलून बघा

हीच मांडणी ५०, ५०० आणि ५००० जीवांवर चालवा. लोकसंख्या वाढवल्यावर रेषेचा चढ विरत गेला आणि वेगवेगळे रन सरासरीला चिकटू लागले तर तो ड्रिफ्ट होता. चढ टिकला किंवा आणखी स्पष्ट झाला तर तो निवडीमुळे आहे किंवा म्युटेशनच्या कलामुळे. त्या दोघांतला फरक सावलीवरून कळलेला असेल.

यामागचा नियम पाठच करून ठेवावा असा आहे: फायदा लोकसंख्येच्या व्यस्तांकापेक्षा बराच मोठा असेल तरच निवडीला तो दिसतो. एकाच जीवात नवीन आलेलं, १ टक्का फायद्याचं म्युटेशन घ्या. शंभरांच्या लोकसंख्येत ते सगळीकडे पसरण्याची शक्यता २.३ टक्के, काहीच फायदा नसलेल्या म्युटेशनची १ टक्का. दुपटीहून थोडा जास्त फरक, डझनभर रनमध्ये जाणवणारही नाही. दहा हजारांच्या लोकसंख्येत पहिली शक्यता २ टक्क्यांच्या जवळ राहते आणि दुसरी ०.०१ टक्क्यावर येते, म्हणजे जवळपास दोनशेपट फरक.

मोठ्या लोकसंख्येत नव्या फायदेशीर म्युटेशनची टिकण्याची शक्यता फायद्याच्या सुमारे दुप्पट असते, हा ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचा १९२७ चा निष्कर्ष. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या निष्कर्षाची दुसरी बाजू नवख्यांनी जरूर बघावी: ५ टक्के फायद्याचं म्युटेशनसुद्धा दहातून नऊ वेळा सुरुवातीलाच नशिबाने नाहीसं होतं. एखादा उपयुक्त गुण तुमच्या रनमध्ये आला आणि गेला, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

पायरी ६: पूर्वज आणि वंशज समोरासमोर उभे करा

अनुकूलन म्हणजे त्या परिस्थितीत जास्त संतती होणं. मग ते थेटच मोजावं. रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय जिवाणूंच्या बारा लोकसंख्यांवर सुरू केलेला प्रयोग याचा उत्तम नमुना आहे. दर ५०० पिढ्यांनी जिवाणूंचे नमुने गोठवून ठेवले जातात, आणि हवं तेव्हा पूर्वजाला जागं करून वंशजाबरोबर एकाच फ्लास्कमध्ये वाढवता येतं. कोण कोणता हे कळावं म्हणून अरॅबिनोज या साखरेशी संबंधित एक खूण वापरतात. तिच्यामुळे तपासणीच्या प्लेटवर एकाच्या वसाहती लाल आणि दुसऱ्याच्या फिकट दिसतात, आणि प्रयोगाच्या परिस्थितीत त्या खुणेचा फायदा-तोटा होत नाही.

तुमच्याकडे फ्रीझर नाही, पण डिस्क आहे. ठरावीक पिढ्यांनी अख्खी लोकसंख्या फाइलमध्ये साठवा. मग पूर्वज आणि वंशज निम्मे-निम्मे एका जगात सोडा, म्युटेशन बंद करा, लोकसंख्या मोठी ठेवा आणि थोड्या पिढ्या चालवा. प्रत्येक जीवाला एक निरुपयोगी खूण द्या, जिच्याकडे प्रोग्राम मोजणीखेरीज कधीच बघत नाही. निम्म्या स्पर्धांत खुणांची अदलाबदल करा, म्हणजे खूण खरंच निरुपयोगी आहे का तेही कळेल.

हिशेब असा. वीस पिढ्यांत वंशज ५० वरून ७३ टक्क्यांवर गेले. ७३ भागिले २७ म्हणजे साधारण २.७. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम जवळपास १. भागिले वीस म्हणजे ०.०५, म्हणून दर पिढीला ५ टक्के फायदा. पण हा ५ टक्के खरा की योगायोग, हे त्या जगात किती जीव होते त्यावर ठरतं. पायरी १ चा आकडा इथे वापरा. शंभर जीवांच्या जगात वीस पिढ्यांचं प्रमाण विचलन २१ टक्के होतं, म्हणजे एवढा फरक एका किंवा दुसऱ्या बाजूला चारांतून एकदा तरी नुसत्या नशिबाने पडतो. दहा हजार जीवांच्या जगात तेच विचलन २.२ टक्के येतं, आणि २३ टक्क्यांची वाढ त्याच्या दहापट आहे. ७३ हा आकडा दोन्हीकडे सारखाच, पण पहिल्या जगात त्यातून काहीच सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यात शंकेला जागा उरत नाही.

स्पर्धेत वंशज जिंकले की अनुकूलन झालं हे सांगता येतं. तुम्ही मोजत असलेल्या गुणामुळे झालं का, हा प्रश्न अजून उरतो.

पायरी ७: तो गुण कामाचा आहे, की कामाच्या गुणाबरोबर वर आला?

क्रॉसओव्हर नसलेल्या जगात अख्खा जीनोम एकत्र वारशाने जातो. एका जागी फायदेशीर म्युटेशन आलं की त्या जीनोममध्ये त्या वेळी जे जे असेल ते सगळं सोबत पसरतं. याला हिचहायकिंग म्हणतात. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी १९७४ साली याचं गणित मांडलं. निळा रंग शंभर टक्क्यांवर गेला, निवडही सिद्ध झाली, तरी रंगाचा त्यात काही हात नसेल असं सहज होऊ शकतं.

इथे दोन उलटसुलट चाचण्या करा. वंशजाच्या जीनोममधून तेवढाच एक भाग काढून त्या जागी पूर्वजाचा भाग बसवा आणि फिटनेस पडतो का बघा. मग पूर्वजात तेवढाच भाग घालून फिटनेस वाढतो का बघा. दोन्ही उत्तरं जुळली तर तो भागच कामाचा. पहिली चाचणी यशस्वी आणि दुसरी अयशस्वी असेल तर तो भाग इतर बदलांच्या साथीनेच काम करतो. तेही अनुकूलनच, फक्त एकट्या भागाचं नाही.

अविडावर लेन्स्की, चार्ल्स ऑफ्रिया, रॉबर्ट पेनॉक आणि क्रिस्टोफ अडामी यांनी २००३ साली केलेलं काम या पायरीसाठी पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. नक्कल करण्यापलीकडे काही न येणाऱ्या आभासी जीवापासून सुरुवात होती, एका जगात ३,६०० जीव. सोप्या तर्कक्रियांना छोटं बक्षीस आणि ‘दोन संख्यांचे बिट जुळतात का’ या सगळ्यात अवघड क्रियेला सगळ्यात मोठं. पन्नासपैकी २३ लोकसंख्यांत ती अवघड क्रिया उत्क्रांत झाली. मग त्यांनी सोप्या क्रियांची बक्षिसं काढून फक्त अवघड क्रियेचं ठेवलं. पन्नासपैकी एकाही लोकसंख्येत ती झाली नाही. म्युटेशन तेच, नशीब तेच, वाटेतली निवड काढली आणि निकाल शून्यावर आला. शिवाय जीनोममधली एकेक सूचना (अविडात जीनोम म्हणजे प्रोग्रामच्या सूचनांची यादीच) निकामी करून क्रिया बंद पडते का हेही त्यांनी तपासलं, म्हणजे कोणत्या सूचना कामाच्या आणि कोणत्या नुसत्या सोबत आलेल्या ते कळलं. तुमचा प्रोग्राम अविडाच्या मानाने छोटा असेल, पण हे दोन्ही प्रकार त्यात एका संध्याकाळी करता येतात.

कोडमध्ये दडलेली निवड

सावलीत न दिसलेली निवड खऱ्या रनमध्ये सापडली, पण स्पर्धेत तिचं कारण समजेना, तर कोड उघडा. जीवांची यादी फिटनेसनुसार लावताना बरोबरी झाली तर कोण पुढे राहतो? पायथॉनच्या स्वतःच्या सॉर्टमध्ये (यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनमध्ये) जो आधी यादीत होता तो पुढे राहतो, म्हणजे म्हाताऱ्यांना किंवा नवजातांना न मागता फायदा मिळतो. दर फेरीत अन्न वाटताना लूप नेहमी पहिल्या जीवापासून सुरू होतो का? नक्कल करायला लागणारा वेळ जीनोमच्या लांबीवर अवलंबून आहे का? असेल तर आखूड जीनोमला फायदा आहे, आणि ती खरी निवड आहे, फक्त तुम्ही हेतूने घातलेली नाही. अशी निवड सापडली तर ती लपवू नका. कित्येकदा प्रयोगातली सगळ्यात रंजक गोष्ट तीच असते.

एक सोपी तपासणी: प्रत्येक जीवाला एक निरर्थक आकडा द्या, तो पिल्लांना वारशाने जाऊ द्या, आणि बक्षिसं बंद करून रन चालवा. त्या आकड्याची सरासरी अनेक रनमध्ये एकाच बाजूला सरकली तर कोडमध्ये कुठेतरी पक्षपात आहे. तो सापडेपर्यंत पुढचे रन करू नका.

निकाल कसा लिहायचा

लोकसंख्या, म्युटेशनचा दर, रनची संख्या, सीड, सावली कशी केली आणि किती केल्या, हे सगळं निकालाच्या आधी द्या. आलेखात खऱ्या रेषेमागे सावल्यांचा पट्टा फिकट रंगात काढा. वाचणाऱ्याला अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

वाक्यं मोजून लिहा. ‘जीवांनी वेगाने पळायला शिकून घेतलं’ असं लिहिण्याऐवजी ‘तीस रनमधल्या सत्तावीसमध्ये सरासरी वेग आपापल्या ९९ सावल्यांच्या वर राहिला, आणि वंशजांनी पूर्वजांना स्पर्धेत दर पिढीला इतक्या टक्क्यांनी मागे टाकलं’ असं लिहा. सावल्यांच्या आत राहिलेल्या गुणाबद्दल ‘निवड नव्हती’ असं लिहू नका. तुमच्या लोकसंख्येत आणि तुमच्या रनसंख्येत किती टक्क्यांपर्यंतचा फायदा दिसू शकला असता ते काढा. त्यासाठी तेवढा फायदा मुद्दाम घातलेले रन चालवून आपली पद्धत तो पकडते का ते तपासा, आणि ‘एवढ्यापेक्षा मोठा फायदा असता तर दिसला असता’ इतकंच म्हणा.